सोसायटीत शारीरिक क्षमता चाचणी: काय मोजावं, काय मोजू नये?

केतकी_मुलुंड

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला आमची सात मजली, दोन विंगची जुनी सोसायटी. गणपतीच्या कार्यक्रमांची बैठक झाली. अंताक्षरी आणि पाककलेचा सगळ्यांना कंटाळा आलाय म्हणून कोणीतरी 'फिटनेस डे'चं पिल्लू सोडलं. आमच्या ह्यांनी मान डोलावली आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

कमिटीची कल्पना अशी: वजनकाटा आणायचा, सगळ्यांचं वजन-उंची घेऊन बीएमआय काढायचा, नोटीस बोर्डावर यादी लावायची. तीन महिन्यांत जो सगळ्यात जास्त वजन उतरवेल त्याला मिक्सर. (मिक्सरचा प्रायोजक मिळालाय, म्हणून एवढा उत्साह.) मला हे अजिबात पटत नाहीये, पण "मग तू सांग काय करायचं" म्हटल्यावर माझी पंचाईत झाली.

लोक पंचविशीपासून ऐंशीपर्यंतचे. जिम नाही. स्टिल्ट पार्किंग, गच्ची आणि दोन जिने, एवढंच भांडवल. कमी साधनांत, कोणाला इजा न होता काय मोजता येईल? आणि मोजून झाल्यावर लोक पुढे काहीतरी करतील यासाठी काय करावं? मागे रक्तदाब शिबिर झालं होतं. लोकांनी कागद घेतला, घडी करून खिशात टाकला आणि थेट इडली-वड्याच्या रांगेत.

टवाळ_बंड्या

मिक्सर कुठल्या कंपनीचा? त्यावर ठरवतो फिट व्हायचं की नाही.

विरारफास्ट

आमची चाचणी रोज होते. दादरला गाडी दोन नंबरऐवजी भलत्याच फलाटावर येणार अशी घोषणा झाली की बॅग पोटाशी धरून जिना चढायचा, पूल ओलांडायचा, उतरायचं आणि चालत्या गाडीत न शिरता, थांबलेल्या गाडीत शिरायचं. वर गेल्यावर "जरा सरका" एवढं बोलता आलं तर पास.

फिजिओ_स्वाती

विरारफास्ट, तुम्ही थट्टेत बोललात पण ही खरी चाचणी आहे. मध्यम श्रमात माणसाला बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. जोराच्या श्रमात चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. घड्याळ, पट्टा काही लागत नाही.

केतकीताई, ती यादी लावू नका. त्यावर इतर बोलतीलच, मी मोजण्याचं सांगते.

सगळ्यात आधी गाळणी लावा. पार-क्यू नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली असते: हृदयाचा त्रास सांगितलाय का, श्रम करताना छातीत दुखतं का, गेल्या महिन्यात बसल्याबसल्या दुखलं का, चक्कर येऊन तोल जातो का, हाडासांध्याचं असं दुखणं आहे का जे हालचालीने वाढेल, रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का, आणि व्यायाम करू नये असं दुसरं काही कारण आहे का. एकालाही 'हो' आलं तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायचं. मुलुंडमध्ये साठीच्या पुढचे निम्मे लोक इथेच गळतील. गळू देत. त्यांचं कंबरेचं माप घ्या, गप्पा मारा.

मग खुर्ची. हात नसलेली, साधारण १७ इंच उंच, पाठ भिंतीला टेकवलेली. गणपतीच्या मांडवातली प्लास्टिकची खुर्ची घेऊ नका, पार्किंगच्या लादीवर सरकते आणि जाड माणूस बसला की पाय फाकतात. हात छातीवर फुलीसारखे ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. ६० ते ६४ वयाच्या पुरुषांचे १४ पेक्षा कमी आणि बायकांचे १२ पेक्षा कमी भरले तर पायांत ताकद कमी आहे असं धरतात. सत्तर ते चौऱ्याहत्तरला हेच १२ आणि १०. 'अर्धवट उठणं' मोजायचं नाही. लोक इथे फार लबाडी करतात, गुडघे सरळ व्हायच्या आत धपकन बसतात.

वयस्करांसाठी आणखी एक: त्याच खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजून पुढची तपासणी करा. मुंबईत आजी-आजोबांचं आयुष्य हार्ट अटॅकइतकंच खुब्याच्या हाडाने बदलतं, आणि बाथरूमच्या ओल्या लादीवर.

सहा मिनिटांत किती चालता येतं ही दवाखान्यातली चाचणीही घेता येईल, पण तिला ३० मीटरचा सरळ पट्टा लागतो. तुमच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या हलवल्या तरी तेवढा मिळायचा नाही. पट्टा आखूड म्हणजे वळणं जास्त आणि अंतर कमी. त्यामुळे पुस्तकातल्या आकड्याशी तुलना नको. पुढच्या वेळी त्याच पट्ट्यावर घ्या, स्वतःची स्वतःशी तुलना करा.

पायरी_पायरीने

स्वातीताई, जिन्यावरची तीन मिनिटांची चाचणी का नाही सांगितली? आमच्या ऑफिसात घेतली होती.

फिजिओ_स्वाती

कारण ती १२ इंचाच्या ठोकळ्यावर घ्यायची असते. मेट्रोनोमच्या ठोक्यावर मिनिटाला २४ वेळा चढ-उतर, तीन मिनिटं, मग लगेच बसून एक मिनिट नाडी मोजायची. आपल्या इमारतींची पायरी सहा-सात इंचाची. तिच्यावर केलं की सगळा मुलुंड ऑलिंपिकला पात्र ठरतो :)

अनघा_दहिसर

यादीबद्दल बोलते. आमच्या ऑफिसात (नाव सांगत नाही, अजून तिथेच आहे) 'वेलनेस वीक'मध्ये एचआरने काटा रिसेप्शनसमोर ठेवला होता. वजन मोठ्याने वाचायचं, दुसरी मुलगी लिहून घ्यायची. माझी मैत्रीण त्या आठवड्यात रजेवर गेली. दुसरीने काट्यावर चढायच्या आधी चपला, घड्याळ, कानातले, सगळं काढलं आणि हसण्यावारी नेलं, नंतर वॉशरूममध्ये रडत होती. वजन कोणाचंच कमी झालं नाही. एचआरच्या सादरीकरणात मात्र 'सहभाग शंभर टक्के' असं आलं.

आणि तीन महिन्यांत जास्त वजन उतरवेल त्याला बक्षीस म्हणजे उपाशी राहायला निमंत्रण. त्यात ज्याचं वजन मुळात जास्त, तोच जिंकणार. सडपातळ पण दोन जिने चढून धापा टाकणाऱ्याला कोणी विचारणारच नाही.

टवाळ_बंड्या

सडपातळ पण धापा टाकणारा = मी. ही वैयक्तिक टीका समजून निषेध नोंदवतो.

डॉ_माहीमकर

बंड्या, तुझ्यासारख्यांवर एक प्रसिद्ध टिपण आहे. पुण्याच्या केईएमचे (परळचं नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. तोच बीएमआय, दुपटीहून जास्त चरबी. आपल्याकडे काटा का फसवतो हे सांगायला मी पेशंटना हेच उदाहरण देतो.

म्हणूनच आशियाई लोकांसाठी बीएमआयच्या रेषा खाली आणल्या आहेत: २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. त्याहून सोपं म्हणजे कंबर. मर्यादा भारतीय पुरुषाला ९० सेंमी, बाईला ८० सेंमी. टेप पँटच्या पट्ट्यावर लावायची नाही. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. बहुतेक पुरुष पँट पोटाखाली घालतात आणि "माझी कंबर चौतीसच आहे" असं छातीठोकपणे सांगतात. ती पँटची कंबर. तुमची नाही.

पण हेही पडद्याआड घ्या, आणि बायकांचं माप बाईनेच घ्यावं.

नाना_परळकर

वाचतोय. मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, बरीच वर्षं डबलडेकरवर. तिकिटांची पत्र्याची पेटी काखेत, हातात पंच, आणि वर-खाली. वरच्या मजल्यावर पोरं बसायची, घंटी मारून झाली की मुद्दाम मागच्या सीटवर लपायची, मग परत चढा. माझ्या बरोबरीचे ड्रायव्हर निवृत्तीच्या आधीच शुगर-बीपीवाले झाले. मी आजही चौथ्या मजल्यावर चालत जातो. कुठली चाचणी नाही, कुठला मिक्सर नाही. कामच तसं होतं.

२०२३ ला जुन्या डबलडेकर बंद झाल्या तेव्हा मुलगा मरोळला घेऊन गेला होता शेवटची बघायला. असो, अवांतर झालं.

डॉ_माहीमकर

नाना, अवांतर कसलं, तुम्ही तर या विषयाच्या उगमालाच हात घातलात! लंडनच्या डबलडेकरांवर जेरी मॉरिस या संशोधकांनी हेच पाहिलं. १९५३ साली त्यांचा शोधनिबंध आला: दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी. व्यायाम आणि हृदय यांचं नातं आकड्यांत दाखवणाऱ्या पहिल्या अभ्यासांपैकी तो एक.

शंकासूर

डॉक्टरसाहेब, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच मॉरिस यांनी १९५६ मध्ये बसवाल्यांच्या गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी कंडक्टरांपेक्षा मुळातच मोठ्या होत्या, तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा. म्हणजे जाड माणसं ड्रायव्हर झाली की ड्रायव्हर होऊन जाड झाली? नाना चौथ्या मजल्यावर चढतात ते जिन्यामुळे, की चढू शकणारे म्हणून कंडक्टर झाले?

एकूणच ही मोजामोजी मला पोकळ वाटते. ज्यांना माहीत आहे त्यांना आधीच माहीत आहे. पोट आरशात दिसतं. मुलुंड स्टेशनबाहेर चालायला फुटपाथ द्या, पावसात न तुंबणारा रस्ता द्या, आठ तासांची नोकरी आठ तासांत संपू द्या. मग बघा लोक कसे आपसूक फिट होतात ते. फिटनेस डे म्हणजे जबाबदारी माणसाच्या डोक्यावर टाकून महापालिका आणि कंपन्या मोकळ्या.

नाना_परळकर

शंकासूर, मी कंडक्टर झालो कारण ड्रायव्हिंगचं लायसन नव्हतं.

टवाळ_बंड्या

नाना १, शंकासूर ०. खेळ संपला.

मानसी_गोरेगाव

शंकासूर, फुटपाथबद्दल शंभर टक्के अनुमोदन. पण केतकीताईंच्या हातात फुटपाथ नाही, पार्किंग आहे. मी समुपदेशनात आहे, त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

नुसता आकडा हातात देऊन माणूस बदलत नाही. रक्तदाबाच्या कागदाचं तेच झालं. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात सिगारेट सोडणाऱ्यांवर काम करताना सांगितलं की माणसं वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. कोणाच्या डोक्यात विषयच नसतो, कोणी 'करायला पाहिजे' म्हणत वर्ष काढतो, कोणी बूट आणून ठेवलेले असतात, कोणी सुरू केलेलं असतं. या टप्प्यांच्या काटेकोरपणावर वाद आहेत, पण सोसायटीच्या टेबलावर बसलेल्या कार्यकर्त्याला एवढं कळलं तरी पुरे. ज्याच्या डोक्यात विषयच नाही त्याला "सकाळी पाचला गच्चीवर या" म्हणणं म्हणजे त्याला कायमचं घालवणं.

माझं म्हणणं, शेवटच्या टेबलावर सल्ला देणारा नको, विचारणारा ठेवा. "आकडा बघून काय वाटलं?" "काही बदलावंसं वाटतंय का?" "त्यात अडचण काय येईल?" आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं आपल्या लोकांना सगळ्यात अवघड. समोरचा "गुडघा दुखतो हो" म्हणाला की शेजारचे तिघं मेथीचे दाणे सुचवतात.

त्यानंतर एकच वाक्य लिहून घ्या, 'जर-तर'च्या साच्यात. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय. "रोज व्यायाम करीन" हे नको. "रात्री ओटा पुसून झाला की चप्पल घालून खाली उतरेन" असं. रोज आपोआप होणाऱ्या एखाद्या गोष्टीला नवी गोष्ट जोडून टाकायची.

अनघा_दहिसर

ओटा पुसून झाल्यावर मी उतरते ती अंथरुणावर. सकाळी साडेचारला उठून डबे, सहाची गाडी, संध्याकाळी साडेसातला घरात. मला खरंच विचारायचंय, घरकाम धरतात का व्यायामात?

फिजिओ_स्वाती

धरतात, श्वास वाढत असेल तर. लादी पुसणं, बादली उचलणं, स्टेशनपर्यंत झपझप चालणं, सगळं धरतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं सांगतात, आणि ती सलग दहा मिनिटांची असावीत ही जुनी अटही आता काढलीय. पण आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही हवा, तो भांडी घासून होत नाही. अनघाताई, तुम्हाला आणखी चालायची गरज नाही. गाडीत उभ्या असता ना? घरी दोन दिवस गॅसवर चहा उकळेपर्यंत खुर्चीतून उठबस करा. आणि त्या दिवशी डबे दुसऱ्या कोणीतरी भरावेत, हा माझा सल्ला फिजिओ म्हणून नाही.

अनघा_दहिसर

शेवटचं वाक्य प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.

शिवाजीपार्क_सकाळ

आमच्याकडे पार्काच्या कट्ट्याला सकाळी माणसं लोटलेली असतात. चार फेऱ्या मारून मंडळी थेट डोसा खायला जातात, तिथे दीड तास जागतिक राजकारण. फेऱ्यांपेक्षा डोशाला हजेरी जास्त. पण एक खरं, डोशाची कंपनी नसती तर यातले निम्मे घरातून बाहेरच पडले नसते. कोणी दोन दिवस दिसला नाही की फोन जातो.

पायरी_पायरीने

रोज दहा हजार पावलांची स्पर्धा ठेवा ना. मोबाइलवर सगळ्यांना दिसतं.

टवाळ_बंड्या

आमच्या ऑफिसात ठेवली होती. विजेत्याने फोन मुलाच्या दप्तरात टाकला होता आणि मुलगा फुटबॉलच्या वर्गाला.

डॉ_माहीमकर

दहा हजार हा आकडा मुळात कुठल्या संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच तो आकडा होता. चालणं चांगलंच, पण अडीच हजार चालणाऱ्या आजोबांना दहा हजार सांगितले की ते अडीचही सोडतात.

विरारफास्ट

आणि ते २१ दिवसांत सवय लागते, तेही असंच का?

मानसी_गोरेगाव

हो. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. 'निदान' गळून पडलं आणि २१ उरले. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी नंतर प्रत्यक्ष मोजलं तेव्हा सरासरी ६६ दिवस आले, पण माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. ते लोकांना आवर्जून सांगा. 'एक दिवस बुडला, आता पुढच्या सोमवारपासून' या वाक्याने जेवढे व्यायाम मारलेत तेवढे वडापावने मारले नसतील.

केतकी_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: यादी रद्द, काटा रद्द. (सेक्रेटरींना पटवायला डॉक्टरांचं युडकिन-याज्ञिक प्रकरण कामी आलं, ते स्वतः सडपातळ आहेत.) सात प्रश्न, खुर्ची, तीन मीटर, कंबर, आणि साठीच्या आतल्यांना पार्किंगमध्ये सहा मिनिटांचं चालणं. शेवटी विचारणारं टेबल. कागद ज्याचा त्याच्याकडे, सोसायटीकडे प्रत नाही. मिक्सर लकी ड्रॉने.

एक शंका. सी विंगमध्ये, म्हणजे शेजारच्या सोसायटीत, एका काकांची अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालंय, ते हट्टाला पेटलेत की मीही चालणार. काय करू?

डॉ_माहीमकर

त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणायला सांगा. बहुतेक डॉक्टर चालायला परवानगीच देतील, पण ती तुम्ही द्यायची नाही. तोवर त्यांच्या हातात स्टॉपवॉच द्या. हट्टी माणूस वेळ फार काटेकोर लावतो.

केतकी_मुलुंड

(काही आठवड्यांनी) वृत्तांत. स्टॉपवॉचवाल्या काकांनी कोणालाही एका सेकंदाची सूट दिली नाही. "गुडघा वाकडा, धरणार नाही!" असं ओरडत होते. चिठ्ठी नंतर आली, आता चालतात.

कागद गुप्त ठेवायची आमची सगळी धडपड वाया गेली. लोक स्वतःच लिफ्टमध्ये एकमेकांना आकडे सांगत होते. "माझे तेरा, तुमचे?" कंबर मात्र कोणी सांगितली नाही.

जर-तरच्या चिठ्ठ्यांपैकी शतपावलीवाल्या अजून टिकल्यात. जेवण उरकलं की सात-आठ बायका आणि दोन पुरुष पार्किंगमध्ये येतात. पाऊस असला तरी अडत नाही, वर स्लॅब आहे. ज्यांनी 'सकाळी लवकर उठेन' लिहिलं होतं त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

आणि लिफ्टजवळ जिन्याची पाटी लावली होती. ती उतरवावी लागली.

शंकासूर

का? काय लिहिलं होतं?

केतकी_मुलुंड

"लिफ्ट आजारी लोकांसाठी आहे. आपल्याला काय झालंय?" आमच्या ह्यांची कल्पना, माहेर सदाशिव पेठ. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मानसी_गोरेगाव

पाटीचा उपाय मात्र खरा आहे हो, १९८० पासून त्यावर प्रयोग झालेत. जिना आणि सरकता जिना यांच्यामध्ये नुसती पाटी लावली की जिना घेणारे वाढतात. पाटी उतरवली की काही दिवसांनी परत कमी. फक्त मजकूर बदला. टोमणा नको, आणि ज्यांना खरंच लिफ्ट लागते त्यांना ओशाळं वाटेल असं काही नको.

शंकासूर

"दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना लवकर पोचवतो." एवढंच लिहा. तुमची सोसायटी जुनी आहे म्हणालात, लिफ्टही जुनीच असेल, म्हणजे हे खरंही असेल.

केतकी_मुलुंड

शंकासूर, तुम्ही चक्क मदत केलीत! लावते. पुढची चाचणी प्रजासत्ताक दिनाला ठरवलीय, पुन्हा लिहीन.

फिजिओ_स्वाती

खुर्ची तीच वापरा. मध्येच कोणीतरी नवीन, उंच खुर्ची आणेल आणि सगळ्यांचे आकडे वाढलेले दिसतील. खाली खडूने खूण करून ठेवा, आणि पहिल्या वेळी सकाळी घेतली असेल तर यावेळीही सकाळीच घ्या, झेंडावंदनाची जिलबी वाटायच्या आधी.

टवाळ_बंड्या

मिक्सर कोणाला लागला ते अजून कोणी सांगितलं नाही.

केतकी_मुलुंड

सेक्रेटरींना. सोसायटीत त्यावर वेगळा धागा चालू आहे.